दरोडेखोराच्या बायकोने नाव घेतले

“चोरांना नवरा-बायको केलं की बायका वर्गाला टिकतात,” असं जुबेदाबाई एकदा म्हणाल्या होत्या.

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या खडकीत, कारखान्याच्या वसाहतीतल्या महिला मंडळाच्या खोलीत इंग्रजी शिकवत. पुस्तकातला धडा काढला की निम्म्या जणींना घरी दूध तापत ठेवल्याचं आठवायचं. मग बाईंनी देशोदेशीची कुप्रसिद्ध दरोडेखोर जोडपी वर्गात आणली. नवरा तिजोरी फोडतोय, बायको मोटार सुरू ठेवून बसलीय. त्यांच्यामागून इंग्रजीतले सामासिक शब्द आपोआप आत आले: बँक रॉबरी, गेटअवे कार, पोलीस स्टेशन. एकदा बिनलग्नाचं जोडपं आलं, तेव्हा वर्गातल्या सोजरबाईंनी धडाच अडवला. “आधी अक्षता टाका, मग दरोडा घाला.” तेव्हापासून सगळी जोडपी रीतसर लग्नाची.

सत्त्याऐंशी साली वसाहतीच्या चिटणिसांना, श्यामसुंदररावांना, ती खोली कॅरमसाठी हवीशी झाली.

“बाई, आपण इंग्रजी शिकवता की दरोडे?”

“दरोड्याला हत्यारं लागतात, साहेब. आमच्याकडे खडूसुद्धा मोजून येतो.”

“मग माझ्यासमोर बायकांना इंग्रजी बोलायला लावा. बोलल्या तर वर्ग राहील, नाहीतर कॅरम.”

जुबेदाबाई हसल्या खऱ्या, पण घरी जाताना दोनदा वळून त्यांनी खोलीकडे पाहिलं. त्या खोलीबाहेर आता त्यांना कुणी बाई म्हणत नव्हतं.

ठरल्या दिवशी श्यामसुंदरराव मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. आनंदीबाई फौजदार झाल्या, सोजरबाई हेन्री नावाच्या दरोडेखोराची बायको. सुरुवात झकास झाली. बँक मॅनेजर, टॉर्चलाइट, पोलीस जीप, काही अडलं नाही. मग फौजदारांनी टेबलावर पट्टी आपटली.

“व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?”

सोजरबाई गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. मागच्या आठवड्यात याच सोजरबाई हेन्री, हेन्री करत वर्गभर फिरल्या होत्या. पण आज हेन्री त्यांचा नवरा होता, आणि नवऱ्याचं नाव त्यांनी कधी तोंडाने घेतलं नव्हतं. जुबेदाबाईंच्या हातातला खडू मोडला. श्यामसुंदररावांनी घड्याळात पाहिलं.

“अगं, उखाण्यात घे की!” फौजदारच कुजबुजले.

सोजरबाईंनी पदर सारखा केला. नजर खाली घातली.

“पोलीस स्टेशनच्या दाराशी गेटअवे कार, हेन्रीरावांचं नाव घेते, मी त्यांची भागीदार!”

खोली हसण्याने दणाणली. जुबेदाबाई मात्र मागच्या बाकाकडे बघत होत्या. तिथे हसू नव्हतं. श्यामसुंदररावांच्या कपाळावर आठी होती.

“पण बाई,” ते सोजरबाईंना म्हणाले, “नाव सांगितलंत म्हणजे तो सापडलाच की!”

“इंग्लिश, साहेब, इंग्लिश!” बायका एका सुरात ओरडल्या.

श्यामसुंदररावांनी घसा खाकरला. “हेन्री... फिनिश?”

“नो फिनिश!” सोजरबाई उसळल्या. “बॅक डोअर! ही गो बॅक डोअर!”

“बॅक डोअर, माय पोलीस जीप!” फौजदार गरजले.

“जीप नो पेट्रोल!” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळ्याच जणी बोलू लागल्या. एकमेकींना तोडत, हातवारे करत, खोटे पुरावे देत. इंग्रजी लंगडत होतं, पण थांबत नव्हतं. श्यामसुंदरराव उठून फळ्याशी गेले आणि मागचं दार नेमकं कुठे ते काढायला लागले.

“खोली तुमचीच, बाई,” ते मान न वळवता म्हणाले. “कॅरम व्हरांड्यात बसेल. तेवढा खडू द्या.”

आभाराचा शब्द जुबेदाबाईंच्या ओठांवर आला होता. एकदोन चुकाही सुधारायच्या होत्या. पण त्यांच्याकडे बघायला कुणाला सवडच नव्हती. त्यांनी खडूचा तुकडा श्यामसुंदररावांच्या तळहातावर ठेवला, दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या आणि त्या बाहेर पडल्या.