प्रेमलाच्या नावावरचं घर

दाराची कडी वाजली की प्रेमला आधी गॅस बंद करायची आणि मग कोण आलं ते बघायची. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "बाई, पळाचं काम पडलं त मागं घर पेटू नये." मी तिच्या शेजारची, शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, म्हणून सगळी गल्ली मला बाई म्हणते. जन्मभर पोरांना भित्रेपणावरून रागावले मी. पण त्या दिवाळीनंतर प्रेमलाला 'भिऊ नको' म्हणायला माझी जीभ रेटेना, कारण भीती मलाही वाटत होती. आमच्या दोन घरांत भिंत एकच होती, आणि दगड मारणारा काही घराचा नंबर वाचून मारत नाही.

प्रेमलाचे यजमान नीळकंठराव. मेहकरात बसस्टँडमागं त्यांचं कृषी केंद्र होतं. बीटी कापूस नवा नवा आला तेव्हा बियाण्याच्या थैल्यांसाठी त्यांच्या दुकानापुढं पहाटेपासून रांग लागायची. या कापसाला बोंडअळी लागत नाही, फवारणी वाचते, असा बोलबाला होता. त्या वर्षी मात्र त्यांच्या दुकानातून गेलेल्या बियाण्याला बोंडं धरली आणि अळीनं ती आतून पोखरून टाकली. लोक फवारून फवारून थकले. मग कळलं की बियाणं बीटी नव्हतंच, नकली होतं. कंपनीनं हात झटकले, ह्या थैल्या आमच्या नाहीत म्हणून. नीळकंठराव म्हणाले, "मी आला तसा माल विकला, मला काय माहीत?"

प्रेमला हेच वाक्य घेऊन गावभर लढली. नळावर, किराण्याच्या दुकानात, हळदीकुंकवाला. "आमच्या ह्यायले काय माहीत? हे का थैली फोडून पाह्यतात?" एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी बाई, पण नवऱ्यावर आलं तेव्हा चांगल्या वकिलानं ऐकावं अशी बोलायची. मला कौतुक वाटायचं. नवराही आतून तितकाच ताठ असेल असं मी धरून चालले होते.

दिवाळीत दुकानाचं शटर खाली आलं. एका सकाळी समोरच्या खिडकीची काच अंगणात पडलेली सापडली. पुढं त्यांच्या हिमानीला, दहावीत होती पोर, क्लासवरून येताना एका माणसानं सायकलचं हँडल धरून विचारलं, "तुहा बाप कुठी लपला हाय?" त्यानं बोटही लावलं नाही तिला. पण पोरगी घरी येऊन जी पांघरूण घेऊन बसली, ती जेवायलासुद्धा बाहेर येईना. त्या दिवशी ठरलं: घर विकायचं आणि शेगावला जायचं. तिथं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत कोण कुणाचं हे कुणी विचारत नाही.

मेख अशी, की घर विकायला काढलं हे फुटलं तर 'नीळकंठ पळून चालला' अशी हूल उठणार, आणि उद्या यायचे ते लोक आजच दारात उभे राहणार. म्हणजे घर विकणारा दलाल हवा, आणि तोही तोंड बंद ठेवणारा. ज्याचं पोटच बोलण्यावर, त्याच्यात असा माणूस शोधणं म्हणजे मुका भाट शोधण्यातला प्रकार. त्यात घर प्रेमलाच्या नावावर. धंद्याचं काही खरं नाही, घर बायकोच्या नावावर असलेलं बरं, अशी नीळकंठरावांची जुनी हुशारी. त्यामुळं सही तिची लागणार होती.

पहिला आला तो शेगावचा विहंग. गॉगल डोक्यावर, चारचाकी दाराशी, आणि गुळगुळीत कार्डावर 'प्रॉपर्टी कन्सल्टंट'. घरभर फिरला, फरशीवर बूट आपटून बघितले आणि म्हणाला, "काकू, टेन्शन घेऊ नका. बोर्ड नाही, जाहिरात नाही. नागपूरची पार्टी आहे माझ्याकडे, घर न बघता घेते." घर न बघता घेणारा माणूस हे ऐकून मला धसकाच बसला. आपण भाजी घेतानासुद्धा वांगं उलटंपालटं करून बघतो. मी विचारलं, "मेहकरात आजवर कुणाचं घर विकून दिलंत? आम्ही त्यांना भेटून येतो." तो हसला. "आजी, हा बिझनेस नेटवर्कवर चालतो." आजी म्हणाला, तिथंच तो माझ्या मनातून उतरला, पण तेवढ्यासाठी नव्हे, त्यानं नाव एकही सांगितलं नाही, म्हणून.

तो गेल्यावर मी प्रेमलाला म्हटलं, "ज्याच्याबद्दल गावात चार जणांना विचारता येतं, असा दलाल धर. फारुखभाईला बोलाव." फारुखभाई आधी जिनिंगवर कापसाची दलाली करायचे, मग घरांची करू लागले. माणूस तिरसट, कमिशनमध्ये रुपया सोडायचा नाही. पण त्यांनी करून दिलेल्या व्यवहारावरून कुणी कोर्टात गेल्याचं मी ऐकलं नव्हतं. नाव ऐकताच नीळकंठरावांचा चेहरा उतरला. "बाई, त्याच्या शेतातही आमचंच बियाणं होतं. त्याला घरात घेणं म्हणजे सगळा गाव घरात घेणं."

"सही माझी हाय," प्रेमला म्हणाली. "एकदा बोलून त पाहू द्या." असं ती नवऱ्याला पहिल्यांदाच बोलली असावी, कारण बोलून झाल्यावर तीच दचकली.

शुक्रवारची नमाज आटोपून फारुखभाई आले. घर बघायला उठलेच नाहीत. खुर्ची ओढून बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "भाभी, घर मी मंग पाहीन. आधी घराची खोट सांगा. गिऱ्हाइकानं विचारलं आन मले मालूम नसलं, त माह्यी जबान जाते. जबानीवरच माह्यं दुकान हाय."

प्रेमला चाचरत सांगू लागली. मागची भिंत ओल धरते. उन्हाळ्यात बोअर आटतो. मी भर घातली, "ह्यांच्या गच्चीचं पाणी माझ्या अंगणात पडतं, आणि त्यावरून आमची भांडणं झालेली आहेत." फारुखभाई हसले, आम्हीही हसलो. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी हसलं.

"अजून?" त्यांनी विचारलं. "इकता काऊन?"

"मुलीच्या शिक्षणासाठी," नीळकंठराव म्हणाले.

"नीळकंठभाऊ, माह्या वावरातबी तुमचंच बियाणं होतं. मी काई मारायले नाही आलो. पन उद्या गिऱ्हाईक विचारीन, ह्या घरावर लोक चालून येतीन का? मंग मी काय सांगू?" मग ते पुढं बोलले, काही खास सांगायचं आहे अशा सुरात नव्हे, सहज. "थैलीवरची छाप पुसट होती. माह्या हाती आली तवा मले वाटलं, पान्यापावसानं झाली असन. आपनच येडे."

"सगळ्या थैल्या तशा नव्हत्या," नीळकंठराव एकदम बोलले. "पहिल्या गाडीतला माल चोख होता. दुसऱ्या गाडीतल्याच तशा होत्या."

बोलून गेले आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते. मला काहीच माहीत नाही म्हणणाऱ्या माणसानं दोन गाड्यांतला माल वेगळा ओळखला होता. "म्हणजे... नंतर लक्षात आलं माझ्या," ते म्हणाले.

"कवा?" फारुखभाईंनी विचारलं. "इकायच्या आधी का मंग?"

प्रेमला चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती फारुखभाईंकडं बघत नव्हती, नवऱ्याकडं बघत होती. एवढे महिने ती ज्या वाक्यावर उभी होती, ते तिच्या पायाखालून गेलं होतं.

फारुखभाई उठले. रागानं कानशिलं तापलेली दिसत होती, पण आवाज चढला नाही. "भाभी, मी हे काम घेईन त उजेडात घेईन. दारावर पाटी लावीन, इथल्याच मानसाले इकीन, आन कोनी जे विचारीन ते खरं सांगीन. जमत असन त निरोप धाडा. नसन जमत, त मी आलोच नोतो असं समजा."

आता फारुखभाईंना कळलं, म्हणजे गावाला कळलं, असं आम्ही धरून चाललो. दारावरून मोटारसायकल गेली तरी मी भिंतीला कान लावायची. पलीकडून कुणाच्या बोलण्याचा आवाज यायचा नाही. नवराबायको एका घरात राहत होते एवढंच. पण दारात कुणीच आलं नाही. फारुखभाईंनी तोंड उघडलं नव्हतं. तोंड बंद ठेवणारा दलाल आम्हाला मिळाला होता, फक्त आम्ही त्याला काम दिलं नव्हतं.

आला तो विहंग, इसाराचे कागद घेऊन. नीळकंठरावांनीच बोलावला होता. प्रेमलानं मला हाक मारली, म्हणून मीही जाऊन बसले. कागद टेबलावर पसरले, पेनाचं टोपण विहंगनं स्वतः काढून दिलं. "काकू, इथं सही, आणि इथं. या आठवड्यात सामान काढा. कुणाला पत्ता लागणार नाही."

प्रेमलानं पेन घेतलं. "आमी काऊन इकून राह्यलो, ते तुमी विचारलं नाही?"

"मला काय करायचंय, काकू? माझ्याकडं सगळे असेच येतात."

"असेच म्हंजे कसे?"

विहंग नुसता हसला आणि नीळकंठरावांकडं बघितलं. नीळकंठरावही हसले. असेच म्हणजे तोंड लपवून निघणारे, हे दोघांनाही कळत होतं. प्रेमलानं त्या दोन हसण्यांकडं बघितलं, पेन टेबलावर ठेवलं आणि विहंगला म्हणाली, "तुमी जा." तो काही बोलू गेला, तर मी दार उघडून उभी राहिले. माझी शाळेतली नजर अजून शाबूत आहे. तो गेला.

"वेड लागलं का तुला?" नीळकंठराव म्हणाले. "उद्या लोक दारात आले म्हणजे? हिमानीचा तरी विचार कर."

"तिचाच करून राह्यली," प्रेमला म्हणाली. "मी फारुखभाईले निरोप धाडते. मले लोकायचं भेव वाटते, खोटं काऊन बोलू. आजबी वाटते. पन शेगावले हे लोक नसतीन. तिथी दार लावलं का आत मी, पोरगी आन तुमी. मले आता तुमचं भेव वाटते."

नीळकंठराव उठले. त्यांनी घाईघाईनं खिडकी लावून घेतली आणि म्हणाले, "हळू बोल. बाहेर ऐकू जाईल."