गुत्त्यातली येळवस

“येळवसबी कामाच्या दिसात धरलाव व्हय तुमी?” आंबिलीचं मडकं उतरवत सुभद्राबाईनं नवऱ्याला विचारलं.

“धरलो. न्हाईतर टेंडर दुसऱ्याला गेलं असतं.”

अहमदपूरकडचा हा रस्ता कमी पैशांत आणि कमी दिवसांत करणाऱ्यालाच मिळणार होता. मजुरीत वय गेलेल्या व्यंकटीचं हे पहिलंच गुत्तं, स्वतःचं कंत्राट. उशीर झाला की दंड. येळवसीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळा गाव शेतात जेवतो, तशी मजुरांची टोळीही गेली. ताज्या काँक्रीटवर पाणी मारायला तो एकटाच उरला.

“अडवायचं की मजुरांला.”

“मला मुकादम अडवायचा येळवसीला. लई जड जायचं गं.”

तिनं भज्जी-भाकर त्याच्या हातावर ठेवली, पदर खोचला आणि पाइप उचलला.

“आगं, सणाचं ऱ्हाऊ दे.”

“खावा गुमान. पाणी माराया टेंडर लागतंय व्हय?”

जेवून व्यंकटी पलीकडच्या काँक्रीटवर अंथरलेली गोणपाटं भिजवायला गेला.