मुंगीचा कंट्रोलर

सोफे शिवणारी ती बाई चिक्कूपणाबद्दल अख्ख्या गल्लीत प्रसिद्ध होती. उसवलेला दोरा ती फेकत नसे, बोटाभोवती गुंडाळून परत वापरी. टूथपेस्टची नळी कात्रीने चिरून आतून पुसून घेई. तिचा नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, "हिच्या मुठीतून पैसा काढायचा तर पक्कडच लागते." त्यामुळे लेकीने व्हिडिओ गेम मागितला तेव्हा उत्तर ठरलेलंच होतं. "मावशीकडे आहे ना? तिथे जाऊन खेळ. जवळ फुकट असताना विकत कशाला?"

लेकीला सगळे मुंगी म्हणत. लहानखुरी पोर, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शाळा सुटली की ती मावशीकडे जायची, दोन मावसभावांबरोबर खेळायची आणि दिवेलागणीला परतायची. फुकटात पोर रमतेय, आईला आणखी काय हवं होतं?

एका दुपारी याच मावशीने, तिच्या थोरल्या बहिणीने, तिला सोफ्याचं कापड बदलायला बोलावलं. ताईचं घर ऐसपैस. टीव्हीसमोर गालिचा, गालिच्यावर तिन्ही पोरं, प्रत्येकाच्या हातात एकेक कंट्रोलर. पडद्यावर गाड्या सुसाट पळत होत्या. तिने सोफा भिंतीपासून ओढला, पक्कडीने जुन्या पिना उपसल्या आणि कापड सोलून काढलं. आतला फोम पिवळा पडला होता. मागच्या फळीचं माप घ्यायला ती गुडघ्यांवर वाकली, तर गालिच्याखालून आलेली एक वायर तिला दिसली. वायरचं टोक नुसतंच जमिनीवर पडलेलं. कशालाच जोडलेलं नव्हतं.

तिने वायर हलकेच ओढली. मुंगीच्या हातातला कंट्रोलर हलला.

आता तिने पडद्याकडे नीट पाहिलं. गाड्या दोनच होत्या. मुंगी मात्र जीव तोडून बटणं दाबत होती, वळण आलं की अंग कलवत होती. थोरल्या भावाने धाकट्याला कोपराने ढोसलं आणि तो फिसकन हसला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वायरचं टोक हातात धरून ती उठली. "ताई, हे काय आहे?"

ताईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. "अगं, काही नाही, पोरांची गंमत. ही लहान, सारखी मध्ये मध्ये करते. हातात काहीतरी दिलं की गप्प बसते."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"रडत तर नव्हती ना ती?"

तिने पक्कड पिशवीत फेकली, टेप कोंबली आणि मुंगीचं मनगट धरलं.

"अगं, सोफा!" ताई मागे धावली. "उद्या पाहुणे येणारेत माझ्याकडे!"

"बसव फोमवर. हातात काहीतरी दे, म्हणजे गप्प बसतील."

रस्त्यावर आल्यावर तिने मुंगीला विचारलं, "तुझी वायर कुठे लावलेलीच नव्हती, माहीत होतं का तुला?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग बसायचीस कशाला गं तिथे?"

मुंगीने खांदे उडवले. "हातात काही नसलं की दादा म्हणतो, उगाच जागा अडवू नकोस."

आईचे पाय थबकले. ताईचा राग होताच, पण आता 'फुकट' हा तिचा स्वतःचाच शब्द तिला कुसळासारखा टोचला. घराकडची गल्ली आली. ती वळली नाही. बँकेत शिलाई मशीनच्या मोटरसाठी साठवलेले पैसे होते, ते काढून ती थेट दुकानात शिरली.

दुकानातल्या पोऱ्याने हसतमुखाने खोकं पुढे केलं. त्यात कंट्रोलर एकच.

"दुसरा वेगळा घ्यावा लागतो, मॅडम. गेमसुद्धा वेगळा."

"म्हणजे ताट तुम्ही विकणार आणि जेवण वेगळं? लाज नाही वाटत?" तिचा आवाज चढला तशी दुकानातली गिऱ्हाइकं माना वळवून बघू लागली. "आणि याची वायर कुठंय?"

"याला वायर नसतेच, मॅडम. बिनतारी आहे."

"मला वायरीचं सांगू नकोस. चालू करून दाखव. दोन्ही."

पोऱ्याने निमूटपणे मशीन लावलं. तिने मुंगीला आधी एका कंट्रोलरने गाडी चालवायला लावली, मग दुसऱ्याने. दोन्ही वेळा पडद्यावरची गाडी मुंगी वळवेल तिकडे वळली, तेव्हा कुठे पैसे काउंटरवर आले. एकेक नोट ती आपटून ठेवत होती. रागाने की पैसे जिवावर आल्याने, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

खोकं बघून नवऱ्याने आ वासला. "लॉटरी लागली का?"

"टीव्हीला जोड आणि गप्प बस."

टीव्ही जुना, त्याला तसली खाचच नव्हती. ती अशी काही कडाडली की नवरा चप्पल न घालताच अडॅप्टर आणायला पळाला.

ताईचे फोन येत राहिले, तिने उचलले नाहीत. पण काम अर्धवट टाकणं तिच्या रक्तात नव्हतं. चार दिवसांनी ती गेली, सोफा पुरा केला आणि परक्या गिऱ्हाइकाला लावते तोच भाव लावला.

ताईचा चेहरा उतरला. "एवढ्याशा गोष्टीवरून?"

"एवढीशी माझी पोर आहे. गोष्ट नाही."

थोरला भाचा पाण्याचा पेला घेऊन आला, मान खाली घालून पुटपुटला, "मावशी, सॉरी."

"माझी वायर काढली होतीस का? जिची काढलीस तिला म्हण." पाण्याला हात न लावता ती निघाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो खरंच आला. मायलेकी टीव्हीसमोर बसल्या होत्या. आईची गाडी भिंतीला नाक लावून घरघरत होती, मुंगीची कुठल्या कुठे पुढे गेली होती.

"मुंगे, ऐक ना," तो दारातून म्हणाला.

"थांब. फेरी संपू दे," मुंगी मान न वळवता म्हणाली.

तो उभा राहिला. आत ये, बस, असं आईच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. फेरी संपली, मुंगीने लगेच दुसरी सुरू केली. तो या पायावरून त्या पायावर होत राहिला. तीही संपल्यावर मुंगीने त्याच्याकडे पाहिलं.

"सॉरी," तो म्हणाला. "पुन्हा नाही करणार."

"बरं." मुंगीने जरा विचार केला. "उद्या ये. आज आईचा नंबर आहे."