पान शेवटचं पाहिल्याची तारीख

रविवार, दोन फेब्रुवारी. सकाळी दूध आणलं, कपडे वाळत घातले आणि दहा वाजता अलकाचा लॅपटॉप उघडून बसलो. दुपारी कोपऱ्यावरच्या केंद्रातून पोळी-भाजी आणली, त्यातली अर्धी रात्रीसाठी झाकून ठेवली. उठलो तेव्हा साडेसहा वाजले होते... एवढाच दिवस.

अलका माझी बायको. शाळेत इतिहास शिकवायची. मागच्या श्रावणात गेली.

सदाशिव पेठेतल्या विद्यार्थ्यांच्या जुन्या मेसवर ती एक लहानसं पुस्तक लिहीत होती. मजकूर पूर्ण होता, शेवटची संदर्भांची यादी तेवढी राहिली होती. प्रकाशकांना ती आता हवी आहे.

तिच्या शाळेतल्या नसरीन मॅडम म्हणाल्या, "छापील पुस्तकं मी बघते. वेबसाइट आणि ब्लॉग तुम्ही करा, भावोजी. बसून टीव्ही तरी किती बघाल?" त्यांचं बोलणं असंच असतं.

संदर्भ ठेवायचं एक सॉफ्टवेअर असतं. इंटरनेटवर काही वाचताना बटण दाबलं की लेखक, शीर्षक, लिंक आणि ते पान आपण कधी पाहिलं ती तारीख आणि वेळ, सगळं त्यात जाऊन बसतं. अलकाने असे त्रेचाळीस लेख जमवले होते.

पण आपोआप आलेली माहिती बरोबर असतेच असं नाही. अकरा लेखांना लेखक म्हणून 'ॲडमिन' लागला होता... मी मॅडमना फोन केला.

"फारच अभ्यासू माणूस दिसतोय हा ॲडमिन," त्या म्हणाल्या. "आडनाव विचारून घ्या हो त्याला. यादीत आडनाव आधी लागतं."

खरी नावं बहुतेक पानांच्या तळाशी सापडली. 'वेब पेज' होतं तिथे 'ब्लॉग पोस्ट' केलं, ब्लॉगचं नाव वेगळ्या रकान्यात टाकलं. नोकरीत आयुष्यभर रकानेच भरले, त्यामुळे जमलं.

अडलो ते पुढे. प्रकाशकांचा नियम असा की प्रत्येक लिंक पुन्हा उघडून बघायची, आणि उघडली की पान पाहिल्याची तारीख बदलून आजची घालायची.

त्या सगळ्या तारखा अलकाच्या होत्या... एक तिच्या भाचीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीची. तेव्हाही लॅपटॉप घेऊन बसली म्हणून मी चिडलो होतो. शेवटच्या तीन हॉस्पिटलमधल्या, पहाटेच्या. मी शेजारी खुर्चीत झोपलेला असणार.

पाच तारखा बदलल्या आणि हात थांबला. मॅडमना पुन्हा फोन केला. जुन्याच ठेवल्या तर कोणाला कळणार आहे, असं विचारलं.

त्या म्हणाल्या, "मला कळेल. आणि हा नियम मला कोणी शिकवला, माहितीये? अलकाने. एकदा मी तारीख घातली नव्हती, तर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर झापलं होतं तिने मला."

झापलं असणार. मी पुढे बदलत गेलो. एकेक तिची तारीख जात होती आणि तिथे आजची येत होती...

अडतिसावी लिंक उघडली नाही. तीनदा प्रयत्न केला. तो सगळा ब्लॉगच बंद झाला होता. शीर्षक वाचलं आणि ओळखलं, ज्या मेसमध्ये मी कॉलेजची चार वर्षं जेवलो तिच्यावरचा लेख होता तो.

मी अकोल्याहून शिकायला आलो होतो. मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट असायची, दोन गोड पदार्थ... आणि संध्याकाळी मेस बंद. आम्ही खोलीवरची मुलं रात्री केळी नाहीतर शेंगदाणे खाऊन झोपायचो. वाईट असं काही वाटायचं नाही, फक्त रविवार फार लांबायचा.

मॅडमना विचारलं, आता याचं काय करू?

"तारखेला हात लावू नका," त्या म्हणाल्या. "पान आता नाहीये ना? मग ज्या दिवशी शेवटचं पाहिलं गेलं, तीच तारीख राहते. म्हणजे अलकाचीच राहू दे, भावोजी."

फोन ठेवून मी ती तारीख नीट पाहिली. मी रिटायर झालो त्यानंतरचा पहिला रविवार. वेळ संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

तो दिवस मला आठवत होता. मी पेपर वाचत होतो. अलकाने लॅपटॉपवरून मान वर करून विचारलं, "तुम्ही रविवारी रात्री काय खायचात हो तेव्हा?" मी पेपरमधूनच म्हणालो, "काही नाही. मेस बंद असायची."

आमच्याकडे रविवारी रात्री स्वयंपाक नसायचा, दुपारचंच गरम करायचो. त्या दिवशी ती उठली आणि तिने कुकर लावला. "कशाला? दुपारचं आहे की," मी म्हणालो. "असू दे," एवढंच म्हणाली.

त्यानंतर आजारी पडेपर्यंत प्रत्येक रविवारी रात्री आमच्याकडे ताजा वरण-भात असायचा. मला वाटायचं, मी आता दिवसभर घरी असतो म्हणून करते. कधी विचारलंच नाही... आज कळलं.

तो ब्लॉग लिहिणारे गृहस्थ कोण, कुठे असतात, माहीत नाही. अलकाच्या यादीत त्यांचं नाव मी नीट लिहिलं आहे, आडनाव आधी. ते हे वाचत असतील तर त्यांचे आभार. नसरीन मॅडमचेही.

उरलेल्या पाच लिंक तपासल्या, यादी पाठवली आणि लॅपटॉप बंद केला. दुपारची पोळी-भाजी झाकलेली होती, ती फ्रिजमध्ये ठेवली. मग सवयीने एक वाटी तांदूळ काढला, त्यातला अर्धा परत डब्यात घातला, आणि कुकर लावला.