फुलरसाहेबांचं आडनाव

दुबईला उतरताच लेकीने, शिल्पाने, मला माझी नवी नोकरी सांगितली. "बाबा, मंदारच्या बॉसना मी सांगितलंय की तुम्ही टेक्स्टाइल कन्सल्टंट होता. प्लीज, तेवढं सांभाळा. आणि कुणाला आडनाव, मूळ गाव विचारत बसू नका." मी तीस वर्षं इचलकरंजीला प्रोसेसमध्ये (कापड धुऊन रंगवण्याच्या कारखान्यात) कापड धुतलं. निवृत्तीनंतर एवढी बढती मिळते आहे तर नाही कशाला म्हणा!

शनिवारी मंदारच्या, म्हणजे जावईबापूंच्या, या साहेबांकडे अबुधाबीला जेवण होतं. दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागातल्या लेकीच्या घरून सकाळीच निघालो. बोलण्याच्या नादात मंदारने वळण चुकवलं आणि आम्ही मुसफ्फा नावाच्या कामगारवस्तीत शिरलो. वेल्डिंगची दुकानं, गॅरेज, दोरीवर वाळत घातलेले कामाचे निळे कपडे. मला पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं. शिल्पा मात्र "यल्ला (चला आता), उशीर होतोय" म्हणत घड्याळ बघत होती.

साहेब इंग्रज, आडनाव फुलर. त्यांच्या मजलिसमध्ये (पाहुण्यांच्या बैठकीत) भिंतीवर एक चौकट होती, तीत ढाल, दोन सिंह आणि खाली आडनाव. मजबूस (मटण घातलेला मसालेभात) वाढता वाढता साहेब सांगू लागले की त्यांचं घराणं सरदारांचं. मंदारने मान डोलावली. सात वर्षं डोलावतो आहे बिचारा.

माझी जीभ वळवळायला लागली. आमच्याकडे मशीन बसवायला आलेल्या एका इंग्रज इंजिनिअरने मला सांगितलं होतं की त्यांच्या देशात लोकरीचं कापड हौदात पायांनी तुडवून घट्ट करणाऱ्यांना फुलर म्हणत, आणि त्या हौदात असायचं शिळं मूत. ते मी मराठीत सांगून टाकलं. मंदारने घाम पुसत इंग्रजीत "एक खास द्रावण" असं काहीसं भाषांतर केलं. तेव्हा माझी आठ वर्षांची नात इरा घास गिळून म्हणाली, "नो पप्पा, आजोबा सेड पी."

शिल्पाच्या हातातला चमचा ताटात पडला. साहेबांनी एकदा ढालीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कन्सल्टिंगमधून कळलं का? मी शिल्पाकडे पाहिलं. ती मान वर करेना. नातीसमोर खोटं बोलवेना मला.

"इरा, त्यांना सांग. आजोबा कन्सल्टंट नव्हते. हौदात उभं राहून कापड धुवायचे."

इराने शब्दही न गाळता सांगितलं. साहेबांनी विचारलं, पाय कसे आहेत आता? म्हटलं, टाचा अजून भेगाळतात. मग ते हळू आवाजात बोलू लागले. त्यांचे वडील जन्मभर एका लाँड्रीत राबले होते, त्यांचे हात तसेच भेगाळलेले असायचे. इथे हे कुणालाच माहीत नव्हतं. ढाल त्यांनी वडील गेल्यावर आडनावावरून घराण्याची चिन्हं छापून देणाऱ्या एका दुकानातून आणली होती.

 लेकीला खाली बघायला लावलं, याचं मला परतीच्या वाटेवर फार वाईट वाटत होतं.

निघायच्या दिवशी बॅगा घेऊन लिफ्टमध्ये शिरलो. आत वरच्या मजल्यावरच्या भाभी होत्या, मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांनी शिल्पाला सहज विचारलं, तुमचे वडील काय करायचे? मी तोंड उघडणार होतो, पण शिल्पाच बोलली. "इचलकरंजीला प्रोसेसमध्ये कापड धुवायचे. तीस वर्षं."

घरी येऊन आठवडा झाला. काय पाहिलंत दुबईत, असं सगळे विचारतात. मी उंच इमारतींचं सांगतो. सतरा मजले खाली येईपर्यंत लेक माझा हात धरून उभी होती, ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.