तेरा ताटं

"आज संकष्टी हाय गड्या. सगळ्यांचीच."

आमचा कॅप्टन सायकलवरून उतरलासुद्धा नाही. आमच्या वस्तीच्या तोंडाला, निळ्या झेंड्याखाली एक पाय टेकवून उभा. मी म्हटलं, "तेराच्या तेरा जणांची?"

"व्हय. आईला सांग, राग मानू नगं." पायडल मारलं आणि गेला.

घरात तेरा ताटं मांडलेली होती.

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा एक रिवाज होता. ज्याच्यामुळं मॅच निघाली, त्याच्या घरी येत्या रविवारी दुपारी सगळ्या टीमचं जेवण. नव्वद सालानंतरची गोष्ट. त्या वर्षी आम्ही हरलोच नाही, त्यामुळं दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी रस्सा. मीही सगळीकडं जेवलो. कॅप्टनच्या मळ्यात तर दोनदा. इस्लामपूरकडं त्यांचा बक्कळ ऊस, आणि त्याच उसात माझी आई भांगलायला जायची. तिथं माझं ताट दर वेळी पंगतीच्या पार टोकाला, जरा लांब. खोटं कशाला बोलू, मला ते दिसायचं. पण मला टीममध्ये राहायचं होतं. दिसलेलं गिळलं मी, रश्श्याबरोबर.

मी गोलकीपर. सेमीफायनल टायब्रेकरवर गेली आणि मी दोन पेनल्टी अडवल्या. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. कॅप्टनच ओरडला, "या रविवारी ह्याच्या घरी! रिवाज म्हंजे रिवाज!" मला वेड्याला खरं वाटलं.

आईनं कोंबडी केली. आमच्या घरात ताटं चारच, म्हणून बाकीची वस्तीभर फिरून गोळा केली. प्रत्येक ताटावर कुणाचं तरी नाव कोरलेलं, कुणाच्या लग्नातलं, कुणाच्या बारशातलं. ज्यानं त्यानं आपलं चांगलंच ताट काढून दिलं. कॉलेजची पोरं आपल्यात जेवायला येणार, म्हणून सगळ्यांना लय अप्रूप.

कॅप्टन गेल्यावर मला बसवेना. कॉलेजकडं गेलो. समोरच्या हॉटेलात सगळी टीम बसलेली. पुढ्यात ऑम्लेट-पाव. संकष्टीला! मला बघून कुणी उठलं नाही. एकानं बशी पुढं सरकवली आणि म्हणाला, "खातूस का रं?"

मी काही बोललो नाही. तसाच माघारी फिरलो. आजही त्याचीच लाज वाटते, त्यांनी केलं त्याच्यापेक्षा जास्त.

घरी आलो तर आई दारातच. माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "दमली असत्याल रं पोरं." एवढंच. मग मागं जाऊन तिनं तेराच्या तेरा ताटं घासली. कोरी ताटं. राख लावून, चोळून चोळून. ओली ताटं एकेकाच्या घरी परत देऊन आली. वस्तीत कोण जेवून गेलं आणि कोण नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी तिनं घासली. कुणी तिला काही विचारलं नाही.

फायनल मिरजेला होती. शेवटच्या पाच मिनिटांत आम्ही एका गोलनं पुढं, आणि त्यांचा फॉरवर्ड एकटाच माझ्यावर चालून आला. एक विचार आला, सोडावा चेंडू. बसू दे ह्यांना रडत. पण हात माझे होते. ते मी कुणासाठी खोटे करू? झेप घेतली आणि चेंडू छातीशी धरला. मॅच संपली. गुलाल उधळला. मी रडत होतो. सगळ्यांना वाटलं, आनंदानं.

रविवारी जेवण माझ्या घरी व्हायला पाहिजे होतं. झालं कॅप्टनच्या मळ्यात. कुणी मला विचारलंसुद्धा नाही. आणि त्या दिवशी माझं ताट पंगतीच्या मधोमध, कॅप्टनच्या शेजारी.

"बस की रं, आज सगळं तुझ्यामुळं!"

मी उभाच राहिलो.

"आमच्या आईनं तेरा ताटं मांडलीवती. त्यात तुमी जेवला न्हाईसा. तुमी आमच्यात जेवत न्हाईसा, तवर मी तुमच्यात जेवत न्हाई."

हात थांबले सगळ्यांचे. खेळाचे सर म्हणाले, "अरे, खेळात जात आणू नये."

"मी न्हाई आणली सर. ती तुमच्या पंगतीत आधीच बसली हाय."

वाटेला लागलो. गावापर्यंत चालत आलो, पोटात कावळे ओरडत होते, आणि आईची ती कोरी ताटं डोळ्यांपुढून हलत नव्हती.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. आपल्या घरात कॉलेजची पोरं जेवलेली तिनं कधी बघितली नाहीत. परवा कॅप्टनचा फोन आला. आता मोठा माणूस आहे तो. जुन्या टीमचा मेळावा घेतोय, मळ्यात. म्हणाला, "मागचं सोड आता. जेवायला ये."

मी तेरा ताटं घेऊन ठेवलीत. प्रत्येकावर आईचं नाव कोरलंय.

त्याला म्हणालो, "आधी तुमी या. पण ताटं मांडून वाट बघत बसणार न्हाई कुणी. ते माझ्या आईनं एकदा केलं. तुमी यायचं, फळीवरनं आपल्या हातानं ताट घ्यायचं, जेवायचं. आणि उठताना ताट घासून ठिवायचं."