निगडीतली पडकई

हवामानबदलात जगात कुणाचं भलं झालं असेल, तर ते माझ्या मावसबहिणीचं. बाकीच्यांची पिकं जातात, घरं वाहतात, झोप उडते. हिला मात्र दर पावसाळ्यानंतर नवी फेलोशिप लागते. मी हे जळून बोलते, असं आई म्हणते. बरोबर आहे, जळूनच बोलते. पण आधी आमच्या दोन्ही घरांचं काय होतं ते सांगते, म्हणजे माझं जळणं नीट कळेल.

आमची वाडी खेडच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगरात. आम्ही महादेव कोळी. पाऊस असा की चार महिने अंगावरचं सुकत नाही, आणि होळी झाली की वाडीचा झरा आटतो. मग बायकांनी दरीत उतरायचं, हंडे भरून वर चढायचं, त्यातच दिवस संपायचा. आई आणि मावशी त्या चढाला कंटाळून नवऱ्यांना घेऊन चाकणच्या कारखान्यांशेजारी महाळुंग्याला आल्या. तिथे पत्र्याच्या एका खोलीत दोन संसार. वडील आणि काका दोघेही कंत्राटावर, एकाची पहिली शिफ्ट, दुसऱ्याची तिसरी. एक उठला की त्याच अंथरुणावर दुसरा आडवा. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की आम्ही दोघी पोरी कंपनीच्या भिंतीच्या सावलीत अभ्यास करायचो. पाणी टँकरचं, तेही भांडून. आई म्हणायची, "डोंगर उतरलो, पर डोक्यावरचा हंडा काय उतरला न्हाई."

त्या खोलीतून मी बी.कॉम. झाले. दोन्ही घरांतली पहिली ग्रॅज्युएट. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. तळवड्याच्या आयटी पार्कात बिलिंगला आहे, निगडीत भाड्याने राहते, पगार वेळेवर होतो. आणि ही? बारावीनंतर आदिवासी मुलींच्या एका हवामान शिबिराला म्हणून गेली, ती तिथून अजून परतलीच नाही असं म्हणायचं. एक शिबिर संपलं की तिथेच कुणीतरी दुसऱ्याची माहिती देतं. रांची झालं, शिलाँग झालं, काठमांडू झालं. माझ्याहून काही महिन्यांनीच मोठी, तरी तिला 'ताई' म्हणावं लागतं, याचंही मला दुःख आहे.

प्रत्येक शिबिराची एक कापडी पिशवी मिळते. मावशीच्या घरात कांदे 'हवामान न्याय' लिहिलेल्या पिशवीत, बटाटे 'जंगल आमचा श्वास'मध्ये, आणि गळ्यात अडकवायच्या ओळखपत्रांच्या फितींवर काकांचे बनियन वाळतात. आई मला भेटायला निगडीला येते ती मुद्दाम काठमांडूची पिशवी घेऊन. बसस्टँडवर उतरल्या उतरल्या म्हणते, "बघ, नेपाळची हाय. तुज्या आपिसात देत न्हाईत का गं पिशव्या?" मी म्हणते, "आमच्याकडे पगार देतात." आई पिशवीची शिवण बघत म्हणते, "मजबूत हाय पर."

शिबिरांनी तिला आणखी एक खोड लावली. चार माणसं दिसली की ही त्यांना गोल बसवते, ओळख करून द्यायला लावते आणि विचारते, "आज इथून तुमच्या अपेक्षा काय?" माझ्या चुलतभावाच्या साखरपुड्यात तिने वऱ्हाडाला गोल बसवलं. नवऱ्या मुलाचा मामा उठून, हात जोडून म्हणाला, "अपेक्षा एकच. जेवायला वाढा." ही खट्टू झाली नाही, ते वाक्य तिने पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मांडवाच्या खांबाला चिकटवलं. वेबिनार तर ती कुठूनही करते. स्वतःच्या लग्नात हळदीला बसली तेव्हा कानात तार होती, गालांना हळद, आणि मोबाइलमध्ये बघून विचारत होती, "आवाज येतोय का? माझा आवाज येतोय का?" मांडवातल्या सगळ्यांना येत होता. सासरच्यांनी तेव्हाच काय ते ओळखलं. नवरा चाकणला फिटर आहे, शांत माणूस, तो अजून गोलात बसतो.

आणि फंड. देव दिसावा तसा हिला जिथे तिथे फंड दिसतो. महाळुंग्यातल्या कंपन्यांचे सगळे वॉचमन तिला ओळखतात, कारण गेटवर जाऊन ती विचारते, "तुमच्या सीएसआरचे साहेब आज आहेत का?" आमच्या चहावाल्यालाही तिने एकदा विचारून घेतलं की त्याच्या मोठ्या भावाची काही संस्था वगैरे आहे का. मिळालेल्या प्रत्येक फेलोशिपचा इंग्रजी अर्ज मी तपासून दिलेला आहे. इंग्रजी माझं, फोटो तिचा. पेपरात आला, तो आईने फ्रिजला लावला. फ्रिज मी घेऊन दिलेला.

तर गेल्या वर्षी तिला खरा फंड दिसला. आदिवासी वाड्यांचे आटलेले झरे पुन्हा जिवंत करायला पैसे देणारी एक संस्था होती, आमच्या भागातली एकच वाडी घेणार होती. अर्ज अर्थात मी सुधारला. पाहणीला त्या संस्थेचे साहेब आले ते नेमके पडकईच्या दिवशी. डोंगरउतारावर भातखाचर करणं एकट्या घराचं काम नाही, म्हणून आमच्याकडे सगळी वाडी आज याच्या उतारावर राबते, उद्या त्याच्या. ही पडकई. मजुरी नसते. ज्याने तुमच्याकडे दिवस भरला, त्याच्याकडे तुम्ही दिवस भरायचा, एवढंच. साहेबांनी फोटोसाठी कुदळ हातात घेतली. फोटो झाल्यावर ते ती खाली ठेवायला लागले, तर ही म्हणाली, "साहेब, पडकईत फोटोपुरतं नसतं." भला माणूस, संध्याकाळपर्यंत खणत राहिला. नाचणीची भाकरी खाल्ली, हाताचे फोड सगळ्यांना दाखवले आणि "कळवतो" म्हणून गेला.

पुढच्या रविवारी सकाळी माझ्या दारात पिकअप उभा. आत कुदळी, फावडी, घमेली आणि निम्मी वाडी. ती पुढच्या सीटवरून उतरत म्हणाली, "चल. साहेब तुझ्याच निगडीत, प्राधिकरणातल्या बंगल्यांत राहतात. पत्ता दाखव."

"कशाला?"

"त्यांनी आपल्याकडे दिवस भरला. आता आपण त्यांच्याकडे."

"ताई, अगं फंडाचा निर्णय व्हायचाय. लोक याला लाच म्हणतील. त्यांची नोकरी जाईल आणि आपला झराही."

"पडकईला कोण लाच म्हणतं?"

"वाडीच्या बाहेर सगळे म्हणतात."

ती परत फिरायला पिकअपचं दार उघडू लागली. हे मी फार वेळा बघितलेलं नाही. पण मागून आमचा भिकाआजोबा म्हणाला, "पोरी, झरा मिळंल न्हाईतर न्हाई. फेड ऱ्हायली तर मला भाकर ग्वाड लागायची न्हाई." वाडीत त्याच्या शब्दापुढे कुणी जात नाही. मी पत्ता दाखवायला बसले. तो रस्ता मला पाठ आहे. त्या बंगल्यांकडे बघत मी रोज ऑफिसला जाते आणि असं एक आपलं असावं असं मनात म्हणते. त्या दिवशी मात्र कुणी ओळखीचं दिसू नये एवढंच मनात होतं.

बाईसाहेबांनी दार उघडलं, कुदळी बघितल्या आणि लावून घेतलं. मग हाफ पँटमधले साहेब बाहेर आले. सगळं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "आजोबा, हे मला चालणार नाही. तुमची वाडी माझ्यामुळेच बाद होईल."

"मग तुमी आमच्याकडं खणायचंच नव्हतं," आजोबा म्हणाला.

शेजारच्या गच्चीवर माणसं जमायला लागली. तिने माझ्याकडे बघितलं. सगळ्या जगाला प्रश्न विचारणारी ही बाई मला विचारत होती, "आता गं?"

मी रोज त्याच रस्त्याने जाते म्हणून मला माहीत होतं, कोपऱ्यावरच्या बागेतलं पाणी दर पावसाळ्यात रस्त्यावर येतं. म्हटलं, "साहेबांच्या घरचं नको. बागेत पाणी मुरायला चर खणू. बाग सगळ्यांची, कुणाला काही म्हणता येणार नाही. आणि साहेबांनी तिकडे फिरकायचं नाही." आजोबाने विचार केला. "साहेब त्या बागंत बसतो का?" साहेब म्हणाले, रोज संध्याकाळी बसतो. "मग फिटली," आजोबा म्हणाला. बागेच्या माळ्याने त्याच्या मुकादमाला फोन लावून परवानगी काढली. मीही खणलं, ऑफिसच्या बुटांत. गच्चीवरच्या बाया खाली येऊन चहा देऊन गेल्या, तर हिने त्यांना लगेच गोल बसवलं.

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी आमच्या वाडीच्या निर्णयातून अंग काढून घेतलं. दुसरे लोक पाहणीला आले, त्यांना कुणी कुदळ दिली नाही. वाडीची निवड झाली. डोंगरावर चर खणले, झऱ्याच्या वरच्या अंगाला चराई बंद केली, आणि हिला त्याच कामावरून परदेशात वर्षभराचा अभ्यासक्रम मिळाला. अर्ज मीच तपासला. एक वाक्य मुद्दाम चुकीचं ठेवावं असं मनात आलं होतं, ठेवलं नाही.

ती गेल्यावर, पुढे कंपनीत कायम झालेल्या काकांच्या रिटायरमेंटचा कार्यक्रम झाला. सगळे खुर्च्यांवर रांगेत बसले, जेवले, पाकिटं दिली आणि गेले. कुणी कुणाची ओळख करून घेतली नाही. साखरपुड्यातल्या त्या मामाने जाताना मला विचारलं, "ती गोलवाली कुठंय?" मी 'परदेशात' म्हटलं आणि खुर्च्या आवरायला घेतल्या. आई हल्ली निगडीला साधी पिशवी घेऊन येते, काठमांडूची जपून ठेवली आहे.

यंदा मे महिन्यात आई-मावशीला घेऊन मी वाडीला गेले. झऱ्यावर उभी राहून तिला व्हिडिओ कॉल लावला. रेंज धड नव्हती, चित्र अडकत होतं. मी फोन पाण्याजवळ धरला आणि विचारलं, "ताई, आवाज येतोय का?" चित्र पुरतंच गोठलं. मला वाटलं कट झाला. मग ती म्हणाली, "थांब. तसाच धर."

मी तसाच धरला. मागे मावशी हंडा भरत होती. यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या वाडीतली एकही बाई पाण्यासाठी दरीत उतरली नाही.